कॉम्प्युटरला साडेसाती नसते

प्रिय मित्रा,

परवा कट्ट्यावर चार लोकांदेखत तू मला म्हणालास, "तू पेपरात लिहिणारा माणूस. जरा स्पष्ट सल्ला दे की! तब्येत, पैसा, देवधर्म, तिन्हीकडे काहीतरी बिनसलंय." स्पष्ट सांग म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा शाबासकी हवी असते, हे मला ठाऊक आहे. पण या आठवड्याचं सदर रिकामं आहे आणि संपादकांचे तीन फोन येऊन गेलेत. तेव्हा तुझी विनंती मी अक्षरशः घेतो. नाव छापत नाही. सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे, तू खजिनदारपदाला उभा आहेस, आणि खालचा मजकूर वाचून तुला मत द्यायला माणूस फार मोठ्या मनाचा लागेल.

तुझा रोग एकच आहे. जिथे हिशोब करायचा तिथे तू श्रद्धा ठेवतोस आणि जिथे श्रद्धा ठेवायची तिथे हिशोब मांडतोस. पोटाच्या बाबतीत दोन्ही एकदम करतोस. म्हणून सुरुवात पोटापासून करू. तसंही ते सगळ्यात पुढे आहे.

तू आजवर एकही डाएट सोडलेलं नाहीस, हीच मुळात अडचण आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं, दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, गोड टाळा आणि रोज 45 मिनिटं चाला. यातलं पंचावन्न तुझ्या डोक्यात पक्कं बसलं, पंचेचाळीस कुठे गळालं कोण जाणे. लोक 55 मिनिटांच्या आत जेवण संपवतात. तू 55 मिनिटं पूर्ण वापरतोस. घड्याळ लावून बसतोस आणि चोपन्नाव्या मिनिटाला वहिनींना विचारतोस, "अजून पोळी आहे का गं?" ऋजुता दिवेकरांचं ऐकून तूप सुरू केलंस. त्यांच्या बाकीच्या बोलण्याचं तुला काही सोयरसुतक नाही. कीटोमधून पनीर घेतलंस, 2023च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षातून ज्वारीची भाकरी घेतलीस आणि ती श्रीखंडाला लावून खातोस. सकाळी दुधीचा रस पितोस तो वेगळाच. त्याबद्दल मात्र थट्टा नाही: रस कडू लागला तर एक घोटही गिळू नकोस. कडू दुधीत विषारी द्रव्यं असतात. लोकांचे जीव गेल्यावर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमून हे सांगून ठेवलं आहे. तू मात्र 'औषध कडूच असतं' म्हणत डोळे मिटून पितोस. ही झाली पोटातली श्रद्धा.

आता एकादशी. मागच्या एकादशीला मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू ताटावर होतास. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट पेरलेलं, मध्ये तुपात परतलेल्या बटाट्याच्या फोडी. शेजारी वरईचा भात, त्यावर दाण्याची आमटी. गुळातली रताळी. काकडीची कोशिंबीर, म्हणजे सॅलडही झालं. आत वहिनी साबुदाणे वडे तळत होत्या, आणि तुझ्या मिशीत एक साबुदाणा अडकून मोत्यासारखा चमकत होता. मी म्हटलं, अरे, एवढं? तर म्हणालास, "उपासाचं मोजायचं नसतं. ज्ञानेश्वर माउलींपासून चालत आलंय हे."

मित्रा, माउलींनी 1296 साली समाधी घेतली. कोलंबस जन्मला 1451 मध्ये. तुझ्या ताटातला बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि रताळं हा सगळा ऐवज मूळचा अमेरिका खंडांतला, तो युरोपच्या जहाजांतून इकडे आला. ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो तो कसावाही तिकडचाच, आणि त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमला उभे राहिले ते गेल्या शतकात. म्हणजे ती अख्खी खिचडी माउलींना कोणी वाढली असती, तर हे काय आहे म्हणून त्यांनी विचारलं असतं. खा, जरूर खा. मलाही आवडते. पण पांडुरंगाच्या नावावर खाऊ नकोस. त्याने हे मागवलेलं नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, आणि तुझी साखर काठावर आहे हे तूच मला सांगितलंस. बाकी ते सैंधव मीठ. उपासाचं म्हणून तू ते मुठीने टाकतोस, जणू रक्तदाबाला पंचांग कळतं. सैंधव काय आणि साधं काय, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या सूचना काढल्या, त्यांत दिवसाला 5 ग्रॅम मिठाची मर्यादा आहे. एकादशीची सवलत मला तरी त्यात दिसली नाही.

पोटाचा सल्ला एवढाच: भूक लागली की घरात शिजलेलं जेव, दुसऱ्यांदा वाढून घेऊ नकोस, आणि जेवणावर बोलण्याचा वेळ चालण्यात घाल. याला कोणी डाएट म्हणत नाही, त्यामुळे तुला ते पटणार नाही, याची कल्पना आहे.

पैशाकडे वळू. इथे जरा बसावं लागेल.

तू ऑफिसात अकाउंट्सला. चाळीस रुपयांच्या रिक्षाचं व्हाउचर पावती नाही म्हणून परत पाठवणारा माणूस. तोच तू टेलिग्रामवरच्या एका 'सरां'च्या सांगण्यावरून ऑप्शन्स घेतोस. ह्या सरांचं आडनाव तुला माहीत नाही, गाव माहीत नाही, चेहराही माहीत नाही. पावती सोड, देवळातल्या गुरवालासुद्धा तू यापेक्षा जास्त प्रश्न विचारतोस. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी आली तेव्हा तू मला रात्री साडेदहाला फोन करून सांगितलंस की बाप्पानेच वार बदलून घेतला. तेव्हापासून दर मंगळवारी तू उपासही करतोस आणि ट्रेडिंगही करतोस. दोन्हीकडे काय होतं ते आपण पाहतोच आहोत.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये एक अभ्यास जाहीर केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सच्या नादी लागलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य माणसांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर, आणि तोट्यात गेलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सुमारे दोन लाख. पुढच्या वर्षी, म्हणजे 2024-25 मध्ये, तोट्यातल्यांचं प्रमाण 91 टक्के निघालं. ही बातमी मी तुला मुद्दाम पाठवली. तुझं उत्तर आलं: "बघ, सुधारतोय ना!" त्यावर तीन अंगठे.

आता समोरच्या बाजूला कोण आहे ते बघ. त्याच अभ्यासात आहे: 2023-24 मध्ये या बाजारात स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या ब्रोकर कंपन्यांनी सुमारे 33 हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे 28 हजार कोटींचा नफा कमावला, आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकी अल्गोरिदमने कमावला. म्हणजे तू डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर एका हातात डबा नि दुसऱ्या हातात फोन धरून, गर्दीचा धक्का चुकवत जो ऑप्शन विकत घेतोस, तो तुला विकणारं एक यंत्र आहे. त्याला लोकल पकडायची नसते, त्याचा मेहुणा त्याला टिप देत नाही. तू घेण्याआधी उदबत्ती लावलीस की नाही, याची त्याच्याकडे नोंद नाही.

जानेवारी 2025 मध्ये दादरला टोरेसच्या बंद शोरूमबाहेर लोक रडत उभे होते ते टीव्हीवर दाखवत होते. खोटे हिरे म्हणावेत असे मॉइसनाइटचे खडे घ्या आणि दर आठवड्याला व्याज मिळवा, अशी ती योजना. भाजीवाले, घरकाम करणाऱ्या बायका, छोटे दुकानदार असे कितीतरी जण त्यात अडकले. तू पाहून म्हणालास, "लोकांना अक्कल कशी नसते!" हे म्हणताना तू ज्या सोफ्यावर बसला होतास त्याच्या खालच्या कप्प्यात एका पतसंस्थेच्या ठेवपावत्या होत्या. तुझ्या निवृत्तीच्या पैशाचा मोठा भाग तिथे आहे, कारण बँकेपेक्षा दोन टक्के जास्त आणि "चेअरमन देवमाणूस आहे रे, दर वर्षी वारी करतो." वारी करतात त्यांना माझा नमस्कार. पण बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत देतं. 1993 पासून ही मर्यादा 1 लाख होती, फेब्रुवारी 2020 मध्ये ती वाढवली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. एक रुपयाचाही नाही. चेअरमन पंढरपूरला चालत गेला म्हणून तो मिळत नाही. तुझ्या ऑफिसातला ऑडिटर हे तुला पाच मिनिटांत सांगेल, पण तू त्याला विचारत नाहीस, कारण तो नास्तिक आहे.

विम्याचं काय सांगू? भाचा एजंट झाला, त्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून तू पाच पॉलिसी घेतल्यास. पाचांची मिळून विमा रक्कम तुझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढीही नाही. साधा टर्म प्लॅन घे म्हटलं तर म्हणतोस, "त्यात मेल्याशिवाय काही परत मिळत नाही." बरोबर आहे. विमा त्याचसाठी असतो. अक्षय्य तृतीयेच्या सोन्याबद्दल फार लिहीत नाही. घडणावळ, जीएसटी, आणि विकायला गेलं की सोनाराची घट, हे तुझ्या वहीत कुठेच लिहिलेलं नाही. वहीचं म्हणशील तर लक्ष्मीपूजनाला तू दर वर्षी नवी लाल वही आणतोस, पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढून 'श्री' लिहितोस, नाणं ठेवून तिला नमस्कार करतोस. माळ्यावर अशा वह्यांचा गठ्ठा आहे. सगळ्यांची दुसरी पानं कोरी आहेत.

आणि आता तुझी श्रद्धा.

मी देव मानतो की नाही हा इथे प्रश्न नाही, आणि तू मानतोस याबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार अशी की तू देवाशी बोलतोस ते हप्त्याच्या भाषेत. बढती मिळाली तर सत्यनारायण. मुलीला बारावीला नव्वद टक्के पडले तर अमुक देवस्थानाला चांदीचा पाळणा, ऐंशी पडले तर नुसता नारळ. सशुल्क दर्शनाचा पास घेऊन रांगेतल्या बाकीच्यांना मागे टाकायचं आणि घरी येऊन सांगायचं, "काय प्रसन्न दर्शन झालं!" हे सगळं तू तुझ्या वेंडरशी बोलावं तसं बोलतोस. फक्त वेंडरकडे तू पक्कं बिल मागतोस.

गुरुजींनी तुला सांगितलं की साडेसाती सुरू झाली. घाबरून तू मला फोन केलास. जरा आकडे मांडू, तुझाच धंदा आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत तो साधारण अडीच वर्षं. तुझ्या राशीच्या आधीची रास, तुझी रास आणि पुढची रास, तीन अडीचके साडेसात. म्हणजे कोणत्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना साडेसाती चालू असतेच. एकशे चाळीस कोटींच्या देशात पस्तीस कोटी लोक. त्यांत तुझा बॉस असेल, तुझा स्पर्धक असेल, गुरुजी स्वतः असतील. सध्या कुंभ, मीन आणि मेष. तू मेषेचा, नुकताच दाखल. पण मंगळवारी तुझ्याविरुद्ध सौदा करणाऱ्या त्या कॉम्प्युटरची रास कोणती? त्याला साडेसाती कधी येते ते एकदा गुरुजींना विचारून मला कळव, आपण दोघंही त्या दिवशी ट्रेडिंग करू.

उपाय म्हणून तुझ्या हातात अंगठ्या आल्या. तर्जनीत पुष्कराज, मधल्या बोटात नीलम, अनामिकेत पोवळं. नीलम क्रेडिट कार्डावर घेतलास. पूर्ण बिल न भरता दर महिन्याला कमीत कमी रक्कम भरत राहिलास, तर त्यावर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. शनी इतका महाग नाही. आता पुढची गंमत. या वर्षभरात तुझं वजन वाढलं, बोटं जाड झाली आणि नीलमची अंगठी निघेनाशी झाली. साबण झाला, खोबरेल झालं, वहिनींनी दोरा गुंडाळूनही पाहिलं. सोनार म्हणाला, कापावी लागेल. गुरुजी म्हणाले, कापली तर शनी कोपेल. डॉक्टर म्हणाले, न कापली तर बोट काळं पडेल. आणि तू गेले आठ दिवस निळ्या खड्याखाली निळं होत चाललेलं बोट घेऊन हिंडतोयस. मला वाटतं आहार, पैसा आणि श्रद्धा या तिन्हींवर तू मला जो सल्ला विचारलास, तो सगळा त्या एका बोटात मावतो. आज कापून घे. खड्याला काही होणार नाही, तो पुन्हा बसवता येतो.

तुला संतांचे दाखले आवडतात म्हणून दोन देतो. तुकोबांच्या घरी दुकान होतं, महाजनकी होती. लोकांकडून येणं असलेल्या पैशाची खतं होती. परंपरा सांगते की भावाचा वाटा त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. नीट लक्षात घे: त्यांनी येणं बुडवलं. तू मात्र मेहुण्याकडून घेतलेले दीड लाख 'देव बघून घेईल' म्हणत पुढे ढकलतोयस, आणि वर देहूला जाऊन आलास. दुसरे गाडगेबाबा. त्यांच्या हातून पंढरपूर, नाशिक, मुंबईत धर्मशाळा उभ्या राहिल्या, लोकांनी ढिगाने पैसा दिला, आणि बाबांच्या अंगावर शेवटपर्यंत चिंध्या आणि हातात खापर. कीर्तनात ते समोरच्या माणसाला उभं करून प्रश्न विचारायचे: कर्ज काढून सण का करतोस, नवसाला कोंबडं-बकरं का कापतोस, पोरं शाळेत का घालत नाहीस? 20 डिसेंबर 1956 ला ते गेले. आज असते तर तुला कीर्तनात पुढे बसवलं असतं, आणि खाली मान घालून तू मोबाईलवर निफ्टी पाहत बसला असतास.

हे सगळं वाचून तू चिडशील आणि माझ्याशी आठ-पंधरा दिवस बोलणार नाहीस, हे धरून चाललोय. त्या पंधरा दिवसांत पतसंस्थेच्या पावत्या मुदत संपेल तशा काढून दोन-तीन बँकांत पाच-पाच लाखांच्या आत विभाग. टेलिग्रामवरचे सर ब्लॉक कर. मेहुण्याचे दीड लाख दे, मग देहूला जा. आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहिलं.

परवा तुझ्या कपाटातल्या फाइलमध्ये आपण प्रीमियमची पावती शोधत होतो, तेव्हा मला दिसलं. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर, पीपीएफवर आणि त्या जुन्या बचत खात्यावर नॉमिनी म्हणून अजून तुझ्या आईचं नाव आहे. आईंना जाऊन बारा वर्षं झाली. दहा वर्षं कोणी दावा न सांगितलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि मग घरच्यांना त्या उद्गम पोर्टलवर शोधत बसावं लागतं. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. वहिनी आणि मुलगी, दोघींची नावं घाल. फॉर्म एका पानाचा आहे, शाखेत फुकट मिळतो. उद्या अमावास्या आहे असं म्हणू नकोस, बँक चालू आहे. आधार कार्डावर जसं आहे तसंच स्पेलिंग लिही.